झाकणाभोवतीची कडी

पाणबुडीचे सारे बळ लपण्यात असते. ती कुठे आहे, किती खोल आहे, हे मित्रदेशालाही कळू द्यायचे नसते. पण तीच पाणबुडी निकामी होऊन समुद्रतळाशी बसली, की आतल्या माणसांचे प्राण आपला ठावठिकाणा कुणाला तरी कळण्यावर टांगलेले असतात.

आत अडकलेल्यांना आधी गाठतो तो त्यांच्याच श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड. तो शोषणारी रसायने पुरवून वापरली, सगळे निपचित पडून राहिले, तर काही दिवस निघतात. बचावाची आखणी साधारण 72 तासांच्या हिशेबाने होते.

पाणबुडी सापडली की आधी दोरीच्या टोकाला बांधलेले, माणूस नसलेले यान खाली जाते, कॅमेऱ्याने पाहणी करते, झाकणावरचा कचरा दूर करते. मग जहाजावरून बचाव-यान सोडतात. त्याच्या पोटाखाली घंटेसारखा घेर असतो. तो पाणबुडीच्या झाकणाभोवतीच्या सपाट लोखंडी कडीवर टेकवायचा आणि आतले पाणी पंपाने उपसायचे. एवढे झाले की बाहेरचा समुद्रच यानाला दाबून धरतो. 600 मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 60 किलोचा भार असतो. मग दोन्ही झाकणे उघडतात आणि माणसे शिडीने वर येतात. भारताची अशी दोन याने आहेत. एक 2018 पासून मुंबईत, दुसरे विशाखापट्टणमला. 650 मीटरपर्यंत उतरून ती एका फेरीत 14 जणांना आणतात. पाणबुडीत पाणी शिरून हवेचा दाब वाढला असेल, तर या माणसांना जहाजावरच्या दाबकक्षातच न्यावे लागते, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात.

मला यात सगळ्यांत मोलाची वाटते ती कडी. इंजिन, सोनार, पाणतीर यांची गुपिते जिवापाड जपणाऱ्या अनेक नौदलांनी या एका लोखंडी वर्तुळाचे माप मात्र आपसांत ठरवून सारखे ठेवले आहे.

संकटात एकमेकांना हाक देण्याचे शहाणपण मात्र मोठी किंमत मोजून आले. 12 ऑगस्ट 2000 रोजी बॅरेंट्स समुद्रात रशियाची ‘कुर्स्क’ 118 जणांसह बुडाली. 23 जण मागच्या कप्प्यात काही तास जिवंत होते. परदेशी मदत घ्यायला रशियाने दिवस घालवले. नॉर्वेच्या गोताखोरांनी झाकण उघडले ते 21 तारखेला. त्यानंतर 2003 मध्ये पाणबुडी-बचावासाठी ‘इस्मर्लो’ हे आंतरराष्ट्रीय संपर्क कार्यालय उभे राहिले. कोणाचे यान, जहाज, विमान कुठे आहे याची जुळवाजुळव ते करते. ऑगस्ट 2005 मध्ये कामचात्काजवळ रशियाची छोटी पाणबुडी सात जणांसह जाळ्यांत अडकली, तेव्हा रशियाने लगेच हाक दिली. ब्रिटनचे यान विमानाने पोचले, त्याने जाळी कापली आणि सातही जण वाचले.

नेहमीच असे होत नाही. एप्रिल 2021 मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ 53 जणांसह बालीजवळ बुडाली. सिंगापूरचे जहाज धावले, विशाखापट्टणमहून आपले बचाव-यान निघाले; पण ती 838 मीटरवर तुकडे होऊन पडली होती. तिथे कोणतीच कडी कामाची नव्हती.

म्हणून सराव चालू राहतो. पाणबुडी मुद्दाम तळाशी बसवतात आणि परक्या देशाचे यान तिच्यावर टेकवून पाहतात. सप्टेंबर 2025 मध्ये सिंगापूरच्या सरावात आपले यान दक्षिण कोरियाच्या पाणबुडीवर बसले. परदेशी पाणबुडीच्या कडीवर ते टेकण्याची ती पहिलीच वेळ होती.