रामभाऊ म्हाळगी : मतदारांना हिशेब देणारा आमदार



आपल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर एका कोपऱ्यावर गोल्डा मेयर यांच्या नावाची पाटी आहे, दुसऱ्यावर गांधी मार्गाची. जगाचे राजकारण येथे रस्त्यावरच वाचायला मिळते. अमेरिकेचा अध्यक्ष कोण, इस्राएलचा पंतप्रधान कोण, हे आपल्या मंडळींना सांगावे लागत नाही. पण स्प्रिंगफील्डच्या विधिमंडळात आपल्या वतीने कोण बसते, असे विचारले तर बरेच जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. निवडणूक आली की घरी पत्रके येतात. त्यांवर कोणी ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ असतो, कोणी ‘लिबरल’. तेवढा एक शब्द वाचून आपण खूण करतो, नाहीतर पत्रक टोपलीत टाकतो.

हा शब्द माणूस ओळखायला पुरा पडतो का, हे पाहण्यासाठी आपल्याच मुलुखातील एका आमदाराची हकिकत सांगतो. त्यांचे नाव रामचंद्र काशिनाथ, ऊर्फ रामभाऊ म्हाळगी. ठाण्याच्या आणि पुण्याच्या वाचकांना हे नाव आठवत असेल.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे जुने टिकवावे, बदल सावकाश करावा असे मानणारा. अमेरिकेत त्याचा अर्थ मुख्यतः कर कमी, सरकारचा हात आखूड आणि धर्म व कुटुंब यांच्या जुन्या चालीरीतींना मान, असा होतो. आपल्याकडे अशा माणसाला ‘सनातनी’ किंवा ‘उजव्या विचारांचा’ म्हणत. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी १९५१ साली स्थापन केलेला भारतीय जनसंघ हा त्या विचाराचा पक्ष. त्याने हिंदू कोड बिलाला विरोध केला, गोहत्याबंदीची मागणी लावून धरली आणि काँग्रेसच्या समाजवादावर टीका केली. त्याचे बहुतेक कार्यकर्ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघातून आलेले होते. रामभाऊही तसेच.

त्यांचा जन्म ९ जुलै १९२१ रोजी पुणे जिल्ह्यातील कडूस या गावी झाला. तरुणपणी ते संघाचे प्रचारक होते, पुढे वकील झाले. १९५७ साली ते मावळातून मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आले. तेव्हा गुजरात आणि महाराष्ट्र एकाच राज्यात होते आणि सभागृहात ३९६ आमदार बसत. त्यांत जनसंघाचे फक्त ४. ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. जनसंघ त्या वेळी समितीबरोबर होता आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीची मोठी लाट होती. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, लाट ओसरली आणि १९६२ च्या विधानसभेत जनसंघाचा एकही माणूस उरला नाही. रामभाऊंनी पुण्याच्या शुक्रवार पेठेतून पुन्हा उभे राहून १९६७ साली जागा मिळवली, १९७२ साली ती राखली. या दुसऱ्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसच्या होत्या आणि जनसंघाच्या अवघ्या ५.

आता प्रश्न असा की, २७० मधील पाच जण करणार काय? कायदा त्यांच्या मताने होत नाही, पडतही नाही. पण विधानसभेत मत देण्याखेरीज आणखी एक हत्यार असते, ते म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. शिवाय लक्षवेधी सूचना असते, अर्ध्या तासाची चर्चा असते. एखाद्या गावाचा रस्ता का रखडला, धरणात जमीन गेलेल्यांना मोबदला का मिळाला नाही, हे एका आमदाराने विचारले तरी उत्तर सरकारी कागदावर चढते आणि मंत्र्याला नंतर ते नाकारता येत नाही. बहुमताला मोजावी लागतात डोकी. प्रश्न विचारायला एकच अभ्यासू डोके पुरते. रामभाऊंचा लौकिक झाला तो या कामात. सभागृह त्या काळी कुलाब्याकडच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. आता तेथे राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे.

त्यांची दुसरी रीत मला अधिक मोलाची वाटते. वर्षभरात आपण मतदारांसाठी काय केले, याचा अहवाल ते स्वतः मतदारांपुढे ठेवीत. मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मुलांना सांगत असे की प्रतिनिधी हा आपला मुखत्यार आहे, मालक नव्हे. दुकानाच्या मुनिमाने वर्षाअखेर वही उघडून दाखवावी, तसे हे. त्याकरिता कोणताही कायदा त्यांच्यावर सक्ती करीत नव्हता. पाच वर्षे फिरकायचे नाही आणि मते मागायला हात जोडून यायचे, ही चाल तेव्हाही होतीच. त्या चालीत अशी वही उघडणारा माणूस उठून दिसला.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. रामभाऊ आमदार असूनही येरवड्याच्या तुरुंगात गेले. आणीबाणी उठल्यावर १९७७ साली ते जनता पक्षातर्फे ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले आणि १९८० साली इंदिराबाई पुन्हा सत्तेवर आल्या तरी ठाणेकरांनी त्यांनाच पाठवले. खासदार असतानाच ६ मार्च १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी स्थापन झाली. भाईंदरजवळ उत्तन येथे तिचे केंद्र आहे आणि तेथे सरपंच, नगरसेवक, आमदार यांना कामकाजाचे शिक्षण दिले जाते.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने दोन शब्द. ठाण्यात १८७९ पासून शाआर हशामाईम हे आपले सिनेगॉग आहे, तेव्हा तेथील खासदार कोण हा आपल्या घरातलाही प्रश्न होता. भारताने इस्राएलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला जानेवारी १९९२ उजाडावे लागले. मधल्या काळात जनसंघ इस्राएलशी संबंध जोडा असे म्हणत राहिला, म्हणून आपल्यातील काहींना तो पक्ष जवळचा वाटे. दुसरे काही म्हणत की जो पक्ष देश एका धर्माच्या नजरेने पाहतो, त्याच्या राज्यात लहान समाजाने सावध असावे. दोन्ही बोलणी खरी होती. आणि गंमत पाहा, १९७७ च्या ऑगस्टमध्ये जनता सरकार असताना मोशे दायान दिल्लीला गुपचूप येऊन गेले, तरी संबंध जुळले नाहीत. ते जुळवले पुढे नरसिंह राव यांच्या काँग्रेस सरकारने. पक्षाच्या पाटीवरून सगळे कळते असे नाही, ते असे.

येथील गोष्टही निराळी नाही. इलिनॉयच्या प्रतिनिधीगृहात ११८ आणि सिनेटमध्ये ५९ सभासद आहेत. साठी ओलांडलेल्यांच्या घरी मदतीला जी बाई येते, तिचा पगार ज्या ‘कम्युनिटी केअर’ योजनेतून निघतो, ती राज्याची आहे. वॉशिंग्टनकडे पाहत बसणाऱ्यांना हे लक्षात येत नाही. २०१५ च्या जुलैपासून २०१७ च्या जुलैपर्यंत रिपब्लिकन गव्हर्नर आणि डेमोक्रॅट विधिमंडळ यांच्या भांडणात राज्याला पूर्ण अंदाजपत्रकच नव्हते. वृद्धांची व गरिबांची सेवा करणाऱ्या संस्थांचे पैसे अडकले. शेवटी गव्हर्नरांचा नकार मोडून अंदाजपत्रक झाले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या काही सभासदांनी विरुद्ध मत देऊन वाट मोकळी केली. तेही कॉन्झर्व्हेटिव्हच होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. पुढचे पत्रक आले की त्यावरचा शब्द वाचा, पण तेथे थांबू नका. उभा राहिलेला माणूस आधी निवडून आलेला असेल, तर त्याच्या कार्यालयात फोन करून किंवा नातवंडांकडून पत्र लिहवून तीन गोष्टी विचारा : अंदाजपत्रकावर आपण मत कसे दिले? म्हाताऱ्या माणसांच्या मदतीच्या योजनेसाठी काय केले? आणि वर्षाचा हिशेब लोकांना कोठे व केव्हा देता? उत्तर आले तर त्या माणसाशी आपले पटो न पटो, तो आपला प्रतिनिधी आहे. उत्तर आलेच नाही, तर तेही एक उत्तर समजावे आणि खूण करताना लक्षात ठेवावे.