बीएएमएसला नंबर लागला, घ्यायचं की पुन्हा नीट द्यायची? आधी हे आकडे तपासा

एमबीबीएस थोडक्यात हुकलं, पण बीएएमएसला नंबर लागलाय. हजर व्हायला हातात चार-पाच दिवस. आई म्हणते घेऊन टाक, पोरगं म्हणतं अजून एक वर्ष द्या, आणि चुलते लातूरच्या कुठल्याशा क्लासचा नंबर पाठवतात. सोयाबीन काढणीच्या आसपास आपल्या जिल्ह्यात, गेवराई असो की आष्टी, अनेक घरांत सध्या हीच चर्चा असते. निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा, पण तो कशावर घ्यायचा याची थोडी मांडणी.

पहिली अडचण वेळेची आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. नीट मे महिन्यात होते, निकाल जूनमध्ये. रिपीटर बॅचेस लगेच जून-जुलैत सुरू होतात आणि फी तेव्हाच मागतात. सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या मात्र त्यानंतर सुरू होतात, त्यात आयुर्वेद-होमिओपॅथीच्या फेऱ्या पार दिवाळीच्या आगेमागे चालतात. म्हणजे क्लासची फी भरून झालेली आणि मग बीएएमएसची यादी लागते. भरलेले पैसे वाया जातील म्हणून सीट सोडणारे पालक आहेत. हे कारण धरू नका. गेलेले पैसे दोन्ही बाजूंनी गेलेलेच आहेत.

मार्क नाही, मेरिट नंबर बघा

"मागच्या वर्षी एवढ्याला लागला होता" हे वाक्य गावात सगळ्यात जास्त फसवतं. 2024 च्या नीटमध्ये 720 पैकी 720 घेणारे सुधारित निकालानंतरही 17 जण होते आणि साडेसहाशेच्या वर देशभरात हजारो मुलं होती. 2025 ला पेपर इतका कडक आला की पहिल्या आलेल्याला 686 मिळाले आणि 651 च्या वर अख्ख्या देशात फक्त 73 जण. एकाच वर्षात हिशेब उलटा झाला. म्हणून मार्कांची तुलना मागच्या वर्षाशी करू नका. सीईटी सेलच्या यादीत प्रत्येकाचा राज्य मेरिट नंबर असतो. तुमच्या प्रवर्गात सरकारी एमबीबीएसची शेवटची सीट कितव्या नंबरला बंद झाली ते बघा आणि तुमचा नंबर त्याच्यापासून किती लांब आहे ते काढा. खासगी एमबीबीएसचा आकडा बघायचा तो फी परवडणार असेल तरच.

हे अंतर मग याच वर्षीच्या मार्कांत बदला. पेपर 180 प्रश्नांचा, बरोबरला चार, चुकीला एक वजा. एक चुकलेला प्रश्न बरोबर आला तर पाच मार्कांचा फरक पडतो. 40 मार्क कमी पडले असतील तर चुकलेल्यातले आठ प्रश्न सुधारायचेत. 120 कमी असतील तर 24. आठ आणि चोवीस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यात ते प्रश्न चुकले कशानं, हेही बघायला हवं. ओएमआर आणि उत्तरतालिका ऑनलाइन मिळते. घरी बसून चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रश्नांसमोर लिहून काढा: येतच नव्हता, येत होता पण घाई झाली, की वेळच पुरला नाही. घाईचे आणि वेळेचे जास्त निघाले तर एक वर्ष कामी येऊ शकतं. फिजिक्सचे निम्मे प्रश्न "येतच नव्हता" या रकान्यात गेले आणि हीच गत आधीच्या वर्षीही होती, तर तोच क्लास, तीच खोली, त्याच नोट्स घेऊन पुढच्या मे महिन्यात वेगळं काही घडेल असं वाटत नाही. आमच्या मते पहिल्या रिपीटला सवलत द्यावी. तिसऱ्या प्रयत्नाला मात्र हा कागद समोर ठेवल्याशिवाय होकार देऊ नये. नीटला कमाल वयाची अट 2022 पासून नाही, प्रयत्नांवरही बंधन नाही. त्यामुळे थांबायचं कुठं हे घरालाच ठरवावं लागतं.

बीएएमएस म्हणजे नेमकं काय पदरात पडतं

कोर्स साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. एमबीबीएसलाही तेवढीच वर्षं लागतात. पहिलं व्यावसायिक वर्ष दीड वर्षाचं असतं, त्यात शरीररचनेसोबत संस्कृत आणि संहिताही आहे. बारावीला बायोलॉजी पाठ करून आलेल्या पोराला हे एकदम परकं वाटतं, काही जण तिथंच नाराज होतात. डिग्रीनंतर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी होते. 108 रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, शाळा-अंगणवाडी तपासायला येणारं पथक, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी, यात बीएएमएसवालेच जास्त दिसतात. मात्र यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात हे लक्षात ठेवा. पुढं एमडी-एमएस आयुर्वेद करता येतं, एमपीएससीही देता येते. तालुक्याच्या गावात ज्यांच्या दवाखान्यात रोज गर्दी असते, त्यांची पाटी एकदा नीट वाचा. बरेच जण बीएएमएस निघतील.

पण मनात सतत "मी खरं तर एमबीबीएसचा होतो" असं धरून साडेपाच वर्षं काढणार असाल तर सीट घेऊ नका. त्यात ना आयुर्वेद येतं ना समाधान.

"घेऊन ठेवू, आतून नीटचा अभ्यास करू"

हा मधला मार्ग ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात कॉलेज हजेरी मागतं, मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे जमा असतात आणि मेपर्यंत दोन्ही अभ्यास अर्धे राहतात. ज्यांना पाच-सात प्रश्नांनीच हुकलंय आणि वर्षाची फी गेली तरी घर हलणार नाही, त्यांनीच हा विचार करावा. तोही माहितीपुस्तिकेतलं सीट सोडण्याचं पान वाचून. ठरावीक तारखेनंतर प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळणं सोडा, वरून भरावे लागू शकतात.

फेऱ्यांचे नियमही नीट समजून घ्या. स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला की पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही, मिळालेली सीटच अंतिम. हा फॉर्म नेटकॅफेवाल्याच्या सांगण्यावरून भरू नका. केंद्राच्या एमसीसीच्या शेवटच्या स्ट्रे फेरीचा नियम तर आणखी कडक आहे. तिथं सीट लागूनही गेलं नाही तर अनामत जाते आणि पुढच्या नीटला बसता येत नाही. रिपीट करायचं पक्कं असेल तर त्या फेरीत गंमत म्हणून पर्याय भरू नयेत.

पैशाचा हिशेब

जिल्ह्याबाहेर क्लास, रूम, मेस, टेस्ट सिरीज धरून वर्ष लाखाच्या पुढं सहज जातं. हे पैसे कारखान्याच्या उचलीतून किंवा सोनं ठेवून येणार असतील तर पोराला तसं स्पष्ट सांगा, लपवू नका. दुसऱ्या बाजूला नांदेड किंवा धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात नंबर लागला असेल तर खर्च खासगीच्या मानानं फार कमी. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते, एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

मुलींसाठी 2024-25 पासून मोठा बदल झालाय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, अभिमत विद्यापीठात घेतला, तर सवलत नाही. हॉस्टेल-मेसचा खर्च त्यात धरलेला नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. पोरगा ड्रॉप घेतो तेव्हा "अभ्यास करतोय" म्हणतात. पोरगी ड्रॉप घेते तेव्हा दिवाळीनंतर स्थळं यायला लागतात. रिपीट करू देणार असाल तर पुढच्या मेपर्यंत हा विषय घरात निघणार नाही, असं पाहुण्यांनाही सांगून टाका. ते जमणार नसेल तर तिच्या दृष्टीनं हातातली सीट जास्त सुरक्षित आहे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

थांबायचं ठरलं तर अभ्यासासोबत कागदं करून घ्या. जात पडताळणी अडकली असेल तर समितीकडे आत्ताच पाठपुरावा सुरू करा. नॉन-क्रिमिलेयर, ईडब्ल्यूएस आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत तपासा, पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला जुना दाखला चालेलच असं नाही. गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि क्लासला पैसे भरायच्या आधी, गेल्या वर्षी तिथंच रिपीट केलेल्या एका मुलाला गाठून विचारा, किती मार्क होते आणि किती झाले. फ्लेक्सवर फोटो असलेल्याला नको, नसलेल्याला विचारा.