ट्रॅक्टरवर टॅब लावताय? आधी हे वाचा



गेल्या मे महिन्यात आपल्या अवजार बँकेच्या ट्रॅक्टरवरचा टॅब दुपारभर उन्हात राहिला. संध्याकाळी बघितलं तर बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलेलं. टॅब तर गेलाच, पण कुणाचं किती एकर रोटर मारलं तो आठवड्याचा हिशेबही गेला. भाड्यावरून दोन सभासदांत वाद झाला तो वेगळाच. यंदा बरेच जण 'रग्ड' म्हणजे दणकट टॅबची चौकशी करताहेत, म्हणून हा मेसेज.

दुकानदार आधी 'मिलिटरी ग्रेड' म्हणून सांगतो. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी सैन्याचं चाचणीचं मानक आहे, हे खरं. पण त्यात आपटणं, हादरे, उष्णता, धूळ अशा पुष्कळ चाचण्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या करायच्या हे बनवणारी कंपनीच ठरवते. म्हणून व्हायब्रेशनची चाचणी झालीय का, तेवढं विचारा. टेबलावरून एकदा पडणं वेगळं, रोटर चालू असताना दिवसभर थरथरणं वेगळं.

दुसरं, आयपी नंबर. आयपी ६७ मधला ६ धुळीचा, म्हणजे धूळ आत जात नाही. ७ पाण्याचा, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो. पण ही चाचणी साध्या, थांबलेल्या पाण्याची. प्रेशर पंपाने ट्रॅक्टर धुताना आणि फवारणीचं औषध भरताना टॅब काढूनच ठेवा.

खरा घात करतं ते ऊन. माहितीपत्रकात 'ऑपरेटिंग टेम्परेचर' बघा. साधे फोन बहुतेक ३५ अंशांपर्यंतचेच असतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४० च्या वर जातं, बॉनेटजवळ तर विचारूच नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज होत राहिली की खराब होते. काही दणकट टॅब बॅटरी काढून नुसत्या वायरवर चालतात. दिवसभर ट्रॅक्टरवरच राहणार असेल तर आमच्या मते तोच घ्यावा, दोन पैसे जास्त गेले तरी.

स्क्रीन दुकानात सगळ्यांचीच छान दिसते. बाहेर उन्हात आणून बघा. ८००-१००० निट्स उजेड असेल तर दुपारी आकडे वाचता येतात.

चार्जरवर मात्र पैसे वाचवू नका. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी ९ च्या आसपास खाली येते, इंजिन चालू झालं की १४ च्या वर जाते. अशा चढउतारात स्वस्त चार्जर टिकत नाही. १२-२४ व्होल्टचा, फ्यूज असलेला घ्या आणि टॅब इंजिन चालू झाल्यावरच जोडा.

हिशेब रोज संध्याकाळी कंपनीच्या नंबरवर पाठवत चला.

टॅब घेण्याआधी मॉडेल नंबरचा फोटोही याच नंबरवर टाका. चार-पाच जणांची मागणी जमली तर एकत्र भाव करून बघू.