रायफलची नळी खरेच वाकडी असते का?

मुंबई, प्रतिनिधी : नेम बरोबर धरूनही गोळी सतत डावीकडे किंवा वर लागू लागली, की नवख्या नेमबाजाचा पहिला संशय रायफलच्या नळीवर जातो. नळी तिरकी बसली असावी, ती घरीच सैल करून सरळ करून घ्यावी, फार तर ओळखीच्या लेथवाल्याकडून बसवून आणावी, असा विचार पुढे येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष नळीचा नसतो. जेव्हा तो असतो तेव्हा त्याची दुरुस्ती घरात होण्यासारखी नसते. आणि शस्त्र परवान्याचे असेल, तर तशी दुरुस्ती हा गंभीर गुन्हा ठरतो.

या विषयाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या. लोअर परळला लागून असलेल्या वरळीतच महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमधील एखाद्या घरात आज एअर रायफलची पेटी दिसली, तर त्यात नवल राहिलेले नाही. त्याच परिसरातील औद्योगिक गाळ्यांत लेथही अजून फिरत आहेत. पेटी आणि लेथ इतक्या जवळ असणे हाच मोहाचा भाग आहे.

कागदाच्या जाडीचा फरक

नळीच्या सरळपणाला एवढे महत्त्व का, हे साध्या गणिताने कळते. समजा नळी ६० सेंटिमीटर लांब आहे आणि तिचे तोंड अवघे ०.१ मिलिमीटर, म्हणजे कार्यालयीन वापराच्या साध्या कागदाच्या जाडीइतके, बाजूला सरकले. हा फरक डोळ्यांना दिसणार नाही. पण १० मीटरवर छर्रा सुमारे १.७ मिलिमीटर आणि ५० मीटरवर गोळी सुमारे ८.३ मिलिमीटर बाजूला जाईल. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला 'दहा'चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश मोजणीत दर पाव मिलिमीटरला गुणाचा एक दशांश कमी होतो. ५० मीटरच्या लक्ष्यावर तर ८ मिलिमीटर म्हणजे पूर्ण एक गुण.

मात्र हा फरक स्थिर असेल, तर त्याने काही बिघडत नाही. नळी किंचित तिरकी असली आणि रोज तेवढीच तिरकी राहिली, तर नेमदर्शी, म्हणजे साइट, फिरवून तो भरून काढता येतो. खरी अडचण आज एक आणि उद्या दुसरी जागा घेणाऱ्या नळीची असते.

आधी लक्ष्याचा कागद वाचावा

म्हणूनच जाणकार नळीला हात लावण्याआधी लक्ष्याचा कागद पाहतात. रायफल आधारावर टेकवून, एकाच प्रकारच्या छर्र्यांनी पाच-दहा फैरी झाडल्या की निदान बरेचसे होते. सगळी छिद्रे एकमेकांना चिकटून, पण केंद्रापासून दूर पडली, तर रायफल निर्दोष आहे. फक्त साइट जुळवायची आहे. छिद्रे चहूकडे विखुरली, तर दस्त्याचे स्क्रू सैल झाले आहेत का, नळी मळली आहे का, छर्रे त्या नळीला मानवतात का आणि नेमबाजाचे चाप ओढणे एकसारखे आहे का, हे तपासावे. छिद्रे हळूहळू एकाच दिशेला सरकत गेली, तर मात्र नळी किंवा साइट आपल्या जागी पक्की नसल्याचा संशय घेण्यास जागा आहे. रायफल खांद्यावर किंचित कलती धरल्यानेही छिद्रे बाजूला जातात, आणि त्याचे खापर नळीवर फुटते.

मुंबईत आणखी एक कारण असते ते पावसाळ्याचे. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो आणि नळीला किंवा तिच्या बैठकीला कुठेतरी दाबू लागतो. मे महिन्यात जुळवलेली रायफल जुलैत वेगळीकडे मारू लागते ती यामुळे. स्पर्धेच्या रायफलींना अॅल्युमिनियमचे दस्ते आले, त्यामागे हेही एक कारण आहे.

नळी खरोखर वाकते ती बहुधा निष्काळजीपणाने. नळी मोडून छर्रा भरण्याच्या स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये नळी उघडी असताना चाप ओढला गेला, तर ती जोराने वर झेपावून बंद होते. त्या धक्क्याने नळी वरच्या दिशेने वाकते, मारा उंच जाऊ लागतो आणि मध्ये सापडलेली बोटेही चिरडू शकतात. अशी नळी गुडघ्यावर दाबून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. ती उत्पादकाकडे किंवा रेंजवरील जाणकार कारागिराकडे द्यावी.

अर्धस्वयंचलित रायफलचे वेगळेपण

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दर फैरीला हाताने एकच गोळी भरावी लागते. अर्धस्वयंचलित रायफल मात्र चाप ओढताच एक गोळी झाडते आणि पुढचे काडतूस आपोआप भरते. भारतात तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर. इन्सास येईपर्यंत ती लष्कराची मुख्य रायफल होती आणि पोलीस दलांतही ती वापरली गेली.

या रायफलची नळी चौकटीत आट्यांवर घट्ट बसवलेली असते. गोळी पुढे जाताना तिच्यामागचा थोडा वायू नळीवरच्या छिद्रातून दट्ट्याला ढकलतो आणि त्याने मागची यंत्रणा उघडते. पुढची साइटही नळीवरच बसते. त्यामुळे नळी किंचित कमी-जास्त आवळली गेली तरी साइट एका बाजूला कलते.

पण सर्वांत नाजूक बाब काडतुसाच्या बुडामागे उरणाऱ्या जागेची आहे. नळी काढून पुन्हा बसवताना ही जागा वाढली, तर काडतुसाचे पितळी कवच फाटू शकते. ७.६२च्या काडतुसात दर चौरस सेंटिमीटरला ३,५०० किलोग्रॅमच्या आसपास दाब निर्माण होतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या हजार पटींहून अधिक. तो वायू मागे फुटला, तर समोर नेमबाजाचा चेहरा असतो. म्हणूनच सैन्यात आणि पोलिसांत हे काम शस्त्र कारागीर खास मापके लावून करतात. लेथवर नळीचा व्यास अचूक निघेल. पण या जागेचे माप कारागिराला ठाऊक नसेल, तर ती अचूकता कामाची नाही.

कायद्याची रेघ

शस्त्र कायदा, १९५९च्या पाचव्या कलमानुसार अग्निशस्त्रांची निर्मिती, विक्री, फेरबदल, चाचणी आणि दुरुस्ती यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना असला म्हणजे ते दुरुस्त करण्याची मुभा मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली तर सामान्य नागरिकांना परवानाच मिळत नाही अशा प्रवर्गात मोडतात. म्हणजे 'एवढे आटे जरा घासून द्या' म्हणणारा ओळखीचा माणूस आणि ते करून देणारा गाळ्यातील कारागीर, दोघेही मोठा धोका पत्करत असतात. २०१६च्या शस्त्र नियमांनी ठरावीक मर्यादेतील कमी शक्तीच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलींना परवान्यातून सूट दिली आहे. ती सूट अग्निशस्त्रांना लागू नाही.

मग मालकाच्या हाती काय उरते? बरेच काही. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ते पुसणे, समुद्राकाठच्या दमट हवेत गंज धरू नये म्हणून तेलाचा हलका हात फिरवणे, दस्त्याचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या जोरानेच आवळणे, नळीच्या तोंडाला ओरखडा पडू न देणे आणि रेंजवर साइट जुळवून त्याची नोंद वहीत ठेवणे, ही कामे त्याची. नळी चौकटीतून सोडवण्याची वेळ आली, की परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचे दुकान गाठावे. तिथे जाताना लक्ष्याचे दोन-चार कागद सोबत न्यावेत. बिघाड शोधायला कारागिराला त्यांचीच सर्वाधिक मदत होते, आणि पुष्कळदा ते पाहूनच तो नळी न उघडता रायफल परत करतो.