भरतीची तयारी करताय? मग आठवड्यातून एक दिवस धावू नका

पहाटे पाचला गिरगाव चौपाटीवर गेलात तर वाळूत धावणारी पोरं-पोरी दिसतात. त्यातली बरीच पोलीस भरतीची तयारी करणारी. मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या लांब धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. आपल्या वस्त्यांतल्या किती घरांचे डोळे या ५० गुणांकडे लागलेले असतात ते वेगळं सांगायला नको. भरती दरवर्षी निघत नाही, वय मात्र दरवर्षी वाढतं. म्हणून ही मुलं सातही दिवस धावतात. एक दिवस घरी राहिलं तर अपराधी वाटतं. आम्हाला नेमकं त्याबद्दल बोलायचं आहे.

व्यायामाने ताकद येते, हे अर्धंच खरं. व्यायाम चालू असताना शरीराची झीज होते. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, साठवलेली ऊर्जा संपते. भरून निघतं ते नंतर, झोपेत आणि आरामात. जड व्यायामानंतर स्नायू साधारण २४ ते ४८ तास दुरुस्तीच्या कामात असतात. हाडांचं काम त्याहून सावकाश. ताण पडला की शरीर हाडाचा थकलेला भाग आधी काढून टाकतं आणि मग नवा भरतं. या मधल्या काळात हाड नाजूक असतं. तेव्हाही रोज आपटत राहिलं तर आधी नडगी दुखते, मग हाडाला बारीक तडा जातो. सुरुवातीला तो एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. एक दिवस वाचवायला गेलेला मुलगा मग दीड-दोन महिने घरी बसतो, आणि तेवढ्यात मैदानाची तारीख येते.

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची गोष्ट आहे. हा चंपा नगरीचा, श्रीमंत घरचा तरुण भिक्खू. साधनेत इतका चालला की तळपाय फुटले, चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढं करून फळ मिळेना, तेव्हा घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. तो पूर्वी वीणा वाजवायचा. भगवंतांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? सैल सोडल्या तर? साधना सोड असं त्यांनी सांगितलं नाही, जोर जुळवून घ्यायला सांगितलं. ती शिकवण मनाच्या प्रयत्नाबद्दल आहे हे आम्हाला ठाऊक आहे, पण नडगीलाही ती लागू पडते.

आणि विश्रांती म्हणजे आळस, हा समज मुळात मालकांच्या सोयीचा. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारच्या सुट्टीची मागणी केली. ती मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. जी सुट्टी कामगारांनी सहा वर्षं भांडून मिळवली, ती आपण फुकट टाकतो.

आणखी एक गोष्ट कोच सहसा विचारत नाहीत: धावून झाल्यावर तुम्ही काय करता? दिवसभर पार्सल पोचवणं, बारा तास सिक्युरिटीत उभं राहणं, जयंतीच्या लेझीमचा सराव, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर स्वयंसेवक म्हणून थांबणं. शरीर या सगळ्याचा हिशेब एकाच वहीत लिहितं. ज्याचं काम अंगमेहनतीचं आहे त्याला एक नव्हे, दोन दिवस सुट्टी लागेल.

सुट्टी म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे. मरीन ड्राइव्हवर रमतगमत चालून या. जोरात धावल्याच्या दुसऱ्या दिवशी हलकं ठेवा. सात तासांच्या खाली झोप नको. रोज उठल्या उठल्या नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा सलग काही दिवस जास्त लागली, वेळ सुधारण्याऐवजी घसरू लागली, चिडचिड वाढली, तर विश्रांती कमी पडते आहे. मुलींनी एक लक्षात ठेवावं: सराव वाढल्यावर पाळी थांबली तर त्यात आनंद मानू नका. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं, आणि त्याने हाडं कमजोर होतात. डॉक्टरांना दाखवा.

हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखत असेल तर धावणं थांबवून तपासून घ्या. जबर सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.