रक्तपेशी : आरोपी की साक्षीदार?

आमचा पेशा कामगार संघटनेचा. शास्त्राच्या विषयावर आमच्यासारख्याने बोलावे हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. शाळा आम्ही नववीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि उसन्या पुस्तकांतून. परंतु हा विषय आपल्या पायांनी चालत आमच्या दारी आला, म्हणून सांगणे भाग आहे.

मोटारीचे सुटे भाग रंगवणाऱ्या एका कारखान्यातला कामगार एके दिवशी रक्ततपासणीचा कागद घेऊन आला. बारा वर्षे फवाऱ्याने रंग मारण्याचे काम, आणि गेली दोन वर्षे दमा. कागदावर इओसिनोफिल नावाच्या पेशींच्या आकड्याखाली रेघ मारलेली. कारखान्याच्या डॉक्टरांनी निकाल देऊन टाकला होता : दोष तुझ्या रक्तातच आहे, आनुवंशिक आहे, कारखान्याचा संबंध नाही. तो म्हणाला, "भाऊ, म्हणजे हा दोष आमच्या आईबापांचा म्हणायचा काय?"

उत्तर देण्यासाठी आम्हाला बरेच दिवस वाचावे लागले.

रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवण्याच्या कामी येणाऱ्या बिंबिका असतात. इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींतली एक जात. या साऱ्यांची संख्या माणसागणिक वेगळी. एखाद्या रोगाच्या रोग्यांत ती सरासरीने जास्त आढळली, की पेशी वाढल्या म्हणून रोग झाला असे म्हणण्याचा मोह होतो. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असाही प्रकार असू शकतो. विडी ओढणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि त्याचे हृदयही बिघडते. मग हृदय पेशींनी बिघडवले, की दोन्ही करणी तंबाखूची? शिवाय रोग आधी आणि पेशी मागाहून, असेही असेल.

खरा निवाडा करायचा तर चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट पाडावे आणि एका गटाच्या पेशी वर्षानुवर्षे वाढवून ठेवाव्या. असे कोण करू देईल? पण चिठ्ठ्या टाकण्याचे काम निसर्गाने आधीच करून ठेवले आहे.

२०१२ साली म्हाडाने मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडत काढली, ती ज्यांना आठवते त्यांना हे चटकन समजेल. ज्याला घर लागले तो न लागलेल्यापेक्षा अधिक कष्टाळू किंवा निर्व्यसनी होता असे नाही. नंबर लागला, एवढेच. पुढे या दोन गटांच्या मुलांच्या शिक्षणात फरक दिसला, तर तो घरामुळे पडला असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. गर्भधारणेच्या वेळी अशीच सोडत निघते. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आईपाशी, दोन बापापाशी. प्रत्येकाकडून एक मुलाला मिळते, आणि कोणती ते दैवाधीन. ब्रनो शहरातल्या मठात वाटाणे वाढवून मेंडेलने हा हिशोब १८६५ साली मांडला. पेशी थोड्या वाढवणारी प्रत ज्याच्या वाट्याला आली, त्याच्या पगाराचा, वस्तीचा किंवा विडीचा त्या सोडतीशी सहसा संबंध नसतो. आणि रोग जडला म्हणून जन्माची जनुके बदलत नाहीत.

या युक्तीचा उपयोग १९८६ साली मार्टिन काटान यांनी ‘लॅन्सेट’मधल्या एका पत्रात सुचवला. कोलेस्टेरॉल कमी असल्याने कर्करोग होतो काय, ही शंका त्यांना तपासायची होती. २००३ साली जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी पद्धत सविस्तर मांडली. ‘मेंडेलीय यादृच्छिकीकरण’ असे तिचे जडजंबाल नाव. आम्ही आपले जनुकांची सोडत म्हणतो.

एकेका जनुकभेदाने पेशींची संख्या जराशीच हलते, म्हणून माणसे फार लागतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ब्रिटनमधील १,७३,४८० माणसांच्या रक्ताचे ३६ गुणधर्म तपासले. इओसिनोफिल वाढवणारी जनुके ज्यांच्या वाट्याला अधिक, त्यांना दमाही अधिक, असे त्यात आढळले. उलट रक्तपेशी आणि हृदयविकार यांची पूर्वी सांगितली गेलेली काही नाती कार्यकारणाची नसावीत, असे दिसले. तेथे पेशी साक्षीदार ठरल्या.

यातही एक चोरवाट आहे. एकच जनुक दोन खात्यांत काम करीत असेल, म्हणजे पेशीही वाढवीत असेल आणि निराळ्या मार्गाने दमाही आणीत असेल, तर पेशीवर नाहक आळ येतो. म्हणून दुसरा पुरावा लागतो. दम्याच्या बाबतीत तो मिळाला. मेपोलिझुमॅब हे औषध इओसिनोफिल घटवते. ज्यांच्या या पेशी वाढलेल्या आहेत अशा तीव्र दम्याच्या रोग्यांत त्याने दम्याचे झटके कमी झाले, आणि २०१५ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

येथे तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरांचे बरोबरच होते! आम्हीही एक रात्र तसेच समजून निराश झालो होतो. पण सोडतीने सिद्ध होते ते एवढेच, की वाढलेल्या पेशी दमा आणण्यात भाग घेतात. या माणसाच्या पेशी कोणी वाढवल्या, हा प्रश्न निराळा. जंतांनी त्या वाढतात, ॲलर्जीनेही वाढतात. संशोधकाने जनुक वापरले ते चिठ्ठी म्हणून; डॉक्टरांनी त्याचे जातक केले. दोन भागांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, आणि कामावरून जडणाऱ्या दम्याच्या कारणांत त्याचे नाव फार वर आहे. त्या कामगाराच्या जनुकांची तर कोणी तपासणीसुद्धा केली नव्हती.

आणखी एक गोष्ट. ते १,७३,४८० जण सगळे युरोपीय वंशाचे होते. २०२० साली ७,४६,६६७ जणांच्या दुसऱ्या अभ्यासात इतर वंशांची माणसे घेतली, तेव्हा लसिकापेशींच्या संख्येशी निगडित असलेला एक जनुकभेद दक्षिण आशियाई लोकांत सापडला. आपले रक्त मोजल्यावाचून आपल्याविषयी निकाल देणारांनी हे ध्यानात घ्यावे.

आम्ही त्या कामगाराचा नोकरीत रुजू होतानाचा तपासणीचा कागद मागवला. त्यात छाती स्वच्छ असल्याचा शेरा होता. सुट्टीत गावी गेला की दम कमी होतो, हे त्याच्या बायकोने सांगितले. आम्ही ते तारखांसह लिहून घेतले. त्याला पेंट शॉपमधून पॅकिंगला हलवले आहे. भरपाईचा अर्ज चालू आहे.