काळ्या जमिनीची विद्या : पटांचेरू, इथिओपिया आणि आपला वाशिम जिल्हा

मृगाचा पाऊस बरा झाला, सोयाबीनची पेरणी वेळेवर साधली, पीक हातभर होऊ लागले, आणि मग आठ-दहा दिवसांची झड लागली, म्हणजे आपल्या वाशिम जिल्ह्यातील काळ्या रानांत काय होते हे वाचकांस सांगावयास नको. जमीन चिबडते, मुळांस हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते. डवरा घालावा तर बैलांचे पाय रुततात, आणि तण मात्र माजते. पुढे पावसाने ताण दिला, की त्याच जमिनीस भेगा पडतात व तेच पीक दाणे भरण्याच्या वेळी पाण्यावाचून सुकू लागते. एकाच हंगामात, एकाच वावरात, पाण्याने बुडणे व पाण्यावाचून मरणे हा आपल्या काळ्या जमिनीचा जुना स्वभाव आहे.

हा भोग केवळ आपल्याच वाट्यास आला आहे असे मात्र नाही. समुद्रापलीकडे आफ्रिका खंडात इथिओपिया नावाचा देश आहे. त्याच्या उंच पठारावरही ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली, आपल्यासारखीच भारी काळी जमीन पसरली असून तिचे क्षेत्र सुमारे ७६ लाख हेक्टर धरले जाते. तेथेही शेतकरी बैलजोडीने नांगरतो आणि त्याचा पाऊसही मुख्यतः जून ते सप्टेंबर याच महिन्यांत पडतो. ज्या ज्वारीवर आपल्या पूर्वजांच्या कैक पिढ्या पोसल्या, ती ज्वारीही मूळची ईशान्य आफ्रिकेतलीच. तेव्हा ह्या दोन देशांतील शेतीविद्येची देवघेव आजची नव्हे. अलीकडच्या काळात काळ्या जमिनीच्या बाबतीत जी देवघेव झाली, तिच्यात आपण शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून तिची हकीकत येथे देण्याचे योजिले आहे.

१९७२ साली हैदराबादेजवळ पटांचेरू येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्या भागातील पुष्कळ शेतकरी भारी काळी जमीन पावसाळ्यात पडीत ठेवीत व पाऊस सरल्यावर मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी किंवा हरभरा घेत. चिखलात काम होत नाही आणि पीक बुडण्याचे भय असते, हे त्याचे कारण. परंतु उघड्या जमिनीवर चार महिने पाऊस पडला म्हणजे पाणीही जाते व मातीही जाते. ह्यावर उपाय शोधण्यासाठी १९७६ पासून तेथे एक दीर्घकालीन प्रयोग चालविण्यात आला. त्याचे मुख्य अंग म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धत. सुमारे एक मीटर रुंदीचा सपाट वरंबा, त्याच्या दोहों बाजूंस अर्ध्या मीटरची सरी, आणि सरीस शंभर फुटांत सुमारे पाच ते दहा इंच एवढाच मंद उतार. जास्तीचे पाणी सरीतून सावकाश वाहून गवत लावलेल्या चरात व तेथून तळ्यात जाते. पाऊस कमी पडला तर तेच पाणी सरीत थबकून वरंब्यात मुरते. बैल व औजाराची चाके सरीतून चालत असल्यामुळे वरंब्याची माती दाबली जात नाही.

ह्या पद्धतीस सुधारलेले बियाणे, खत, पावसाआधीची धूळपेरणी व तुरीचे मिश्रपीक यांची जोड दिल्यावर तीसहून अधिक वर्षांच्या सरासरीने दर हेक्टरी दोन्ही पिकांचे मिळून ५१ क्विंटल धान्य निघाले. शेजारीच जुन्या रीतीने केलेल्या जमिनीत ११ क्विंटल. हा फरक एकट्या सरीचा नव्हे, सर्व सुधारणांचा एकत्र आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. संशोधनक्षेत्रावरील उत्पन्न जसेच्या तसे आपल्या वावरात येत नाही, हेही अनुभवी शेतकऱ्यांस ठाऊक आहेच.

येथवर सर्व ठीक. पण वरंबे पाडावयाचे कशाने? त्यासाठी पटांचेरूस बैलांनी ओढावयाचा एक चाकांचा गाडा वापरण्यात आला. त्यास नांगर, पाभर, कोळपे अशी निरनिराळी औजारे जोडता येत. मूळ कल्पना फ्रेंच औजारकार झाँ नोल यांची. यंत्र उत्तम होते, प्रयोगक्षेत्रावर कामही उत्तम करी; मात्र त्याची किंमत लहान शेतकऱ्यास झेपणारी नव्हती, ते जड होते, आणि बिघडले तर गावच्या लोहार-सुताराच्या हाती दुरुस्त होण्याजोगे नव्हते. अशा चाकांच्या गाड्यांचा अनेक देशांतील इतिहास तपासून पॉल स्टार्की यांनी १९८८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा निष्कर्ष असा की, संशोधकांनी यंत्र निर्दोष करीत आणले आणि शेतकऱ्यांनी ते नाकारले. अभियंत्याच्या दृष्टीने जे निर्दोष, ते शेतकऱ्याच्या हिशेबात बसेलच असे नाही.

ह्याच सुमारास, १९८६ च्या आसपास, इथिओपियात काळ्या जमिनीसंबंधी एक संयुक्त प्रकल्प सुरू झाला. अदिस अबाबा येथील पशुसंवर्धनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र, इक्रिसॅट आणि त्या देशातील कृषिसंशोधन संस्था, विद्यापीठ व कृषिखाते यांत सामील होते. पटांचेरूचा गाडा तेथे चालणार नाही हे लवकरच दिसून आले. तेथील शेतकऱ्याजवळ 'मारेशा' नावाचा लाकडी नांगर असतो. तो हलका, गावातच घडणारा, खांद्यावर टाकून नेण्याजोगा. पुष्कळांकडे बैलही एकच असतो व जोडी शेजाऱ्याशी सावड करून जुळवावी लागते. तेव्हा तेथील कार्यकर्त्यांनी गाडा बाजूस ठेवून दोन मारेशा एकत्र जोडले व माती ओढून घेण्यासाठी त्यांस पंखे लावले. मापही त्यांनी आपल्या बैलांच्या शक्तीप्रमाणे बदलले : वरंबा सुमारे ८० सेंटिमीटरचा, सरी ४० ची. पाऊस संपत आल्यावर पेरावयाचा गहू ह्या वरंब्यांवर पावसाळ्याच्या आरंभीच पेरता येऊ लागला. पाऊस वाया न जाता पिकाच्या कामी आला आणि जमीनही झाकली गेली.

ह्या हकीकतीतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्या देशातील इनेवारी नावाच्या भागात असे वरंबे व सऱ्या लोक पिढ्यान्‌पिढ्या पाडीतच आले आहेत, आणि तेही हातांनी. नांगरटीमागून घरची माणसे, बायका-मुलांसह, माती उचलून वरंब्यावर टाकतात. म्हणजे तत्त्व त्यांस ठाऊक होते. कष्ट हलके करणारे साधन हवे होते. बाहेरून येणाऱ्याने गावात आधीपासून काय आहे हे प्रथम पाहिले तर विद्या लवकर रुजते. न पाहिले तर यंत्र कोठारात गंजते.

तथापि तेथेही सर्व सुरळीत झाले असे नाही. जोड-मारेशा जड असल्याची तक्रार राहिली आणि त्याचा प्रसार अपेक्षेहून मंद झाला. त्याहून मोठी अडचण पाण्याची. एकाच्या सरीतून निघालेले पाणी खालच्याच्या शेतात शिरू लागले, म्हणजे ज्याने सुधारणा केली त्याचा लाभ व ज्याने केली नाही त्याचे नुकसान. सर्वांनी मिळून चर काढल्यावाचून एकट्याची सरी पुरी पडत नाही, हा तेथील अनुभव आहे.

आता आपल्याकडे वळू. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आपला जिल्हा होता, आणि रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरण्याचा प्रचार त्यातून झाला. ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्र एका फेरीत वरंबा, सरी व चार ओळींची पेरणी उरकते. काम चोख होते यात शंका नाही. परंतु वाफसा येतो तो साऱ्या शिवारास एकदम. यंत्रे थोडी आणि मागणारे फार. ज्यास यंत्र चार दिवस उशिरा मिळते, तो सरीचा नाद सोडून साध्या पेरणीवर येतो. पटांचेरूच्या गाड्याची गोष्ट निराळ्या रूपाने आपल्याही दारी आली आहे, ती ही अशी.

अशा शेतकऱ्यास आपला मारेशा कोठे शोधावा लागेल? फार दूर नाही. तो घरच्या डवऱ्यातच आहे. नेहमीप्रमाणे पेरणी करावी. महिनाभराने, डवरणीच्या वेळी, डवऱ्याच्या जानोळ्यास दोरी गच्च गुंडाळून दर चार किंवा सहा ओळींनंतर एक सरी ओढावी. माती दोहों बाजूंस पिकाच्या बुडास लागते आणि पाण्यास वाट होते. ही युक्ती आपल्या विदर्भात शेतकऱ्यांच्या व कृषितज्ज्ञांच्या परिचयाची आहे. तीस खर्च दोरीचा व एका फेरीचा. पेरणीपासूनच्या वरंब्याचे सर्व लाभ तीत नाहीत हे खरे. आरंभीच्या झडीपासून ती पीक वाचवू शकत नाही. परंतु ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात व उघडिपीत ती उपयोगी पडते, आणि लहानात लहान शेतकऱ्यासही करता येते.

सरीचे पाणी धुऱ्याशी आल्यावर मात्र इथिओपियाचा प्रश्न तो आपलाच प्रश्न होतो. आपल्याकडे धुऱ्यावरून भाऊबंदकी होते, खटले होतात. तेथे पाण्याची भर कशास? म्हणून आमची सूचना अशी की, पेरणीपूर्वी एका ओढ्यास पाणी देणाऱ्या सर्व शेतांच्या मालकांनी एकदा एकत्र शिवार फिरावे, पाणी कोणत्या बाजूने काढावयाचे ते ठरवावे, चराची जागा सोडावी आणि शक्य तेथे शेवटी शेततळे घ्यावे. हे काम कोणत्याही यंत्राने होणारे नाही. ते गावानेच करावयाचे आहे.

येथे कोणी म्हणेल की, परदेशांस विद्या देऊन आपले काय भले? भारताने मोझांबिकशी २०१६ साली कडधान्यांच्या खरेदीचा करार केला. तिकडची तूर बाजारात आली म्हणजे आपल्या तुरीचा भाव उतरतो. हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. भावाचा प्रश्न आयातीच्या धोरणाचा आहे व त्यासाठी शेतकऱ्यांनी सरकारशी जरूर भांडावे. परंतु विद्या लपवून भाव टिकत नाही, आणि ज्वारीचे बी जर कोणी लपवून ठेवले असते तर आपण काय खाल्ले असते, याचाही विचार व्हावा.

विकसनशील देशांनी आपसांत तांत्रिक साहाय्य करावे, असा ठराव १९७८ साली ब्युनॉस आयर्स येथे १३८ राष्ट्रांनी केला. भारत सरकार तर १९६४ पासून परदेशच्या लोकांस येथे आणून शिकवीत आहे. अशी कामे बहुधा अधिकारी व शास्त्रज्ञ यांच्या हातून होतात. त्यांत शेतकऱ्याचा भाग कोणता? आमच्या मते, खरी नोंद ठेवण्याचा. येत्या हंगामात प्रत्येक गावातील दोन-चार वाचकांनी एक एकर सरीने व त्यालगतचा एक एकर नेहमीच्या रीतीने करावा. झड किती दिवस राहिली, पाणी कोठे तुंबले, मजुरी किती लागली, उत्पन्न किती आले, हे वहीत टिपावे, आणि फसले असेल तर तेही लिहावे. करडा येथील कृषी विज्ञान केंद्रास किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठास ती वही दाखवावी. उद्या त्याच काळ्या जमिनीचा एखादा परदेशी शेतकरी आपल्या शिवारात आला, तर त्यास नवे यंत्र दाखविण्याच्या आधी आपला धुरा दाखवावा, आपली वही दाखवावी, आणि त्याच्या गावी पाणी कोणत्या बाजूने काढतात हे त्यास विचारावे.